घराला सीसीटीव्ही बसवताना: गिऱ्हाईकाला काय विचारायचं, काय द्यायचं आणि काय नाही



मागच्या व्हिडिओत आपण दुकानात बसून डीव्हीआर खोलून बघितला. त्याच्याखाली सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच होता, "सर, सीसीटीव्हीचा धंदा सुरू करायचाय, कोणत्या कंपनीचा माल ठेवू?" कंपनीचं नंतर बोलू. आधी माझीच एक फजिती सांगतो.

दुकान टाकून दुसरं वर्ष होतं. धारूरकडच्या एका गावात रिटायर गुरुजींच्या घरी चार कॅमेरे बसवले. आठ महिन्यांनी सकाळीच फोन आला, अंगणातून मोटारसायकल गेली म्हणून. मी पळतच गेलो. टीव्हीवर चारही कॅमेऱ्यांचं चित्र एकदम स्वच्छ. मागचं रेकॉर्डिंग उघडलं तर काहीच नाही! चार महिन्यांपासून हार्ड डिस्क बंद पडलेली होती. थोडे पैसे वाचावेत म्हणून मी तिथे साध्या कॉम्प्युटरची डिस्क टाकली होती, आणि बसवल्यापासून एकदाही तपासायला गेलो नव्हतो. गुरुजी एवढंच म्हणाले, "आरं बाळा, टीव्हीवर तर रोज दिसत व्हतं की." ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. डिस्कचे पैसे परत दिले, नवीन डिस्क टाकून दिली. गाडी काही परत आली नाही.

त्या दिवशी एक गोष्ट कळली. गिऱ्हाईक कॅमेऱ्याचे पैसे देत नाही, गरजेच्या वेळी सापडणाऱ्या रेकॉर्डिंगचे देतो. आजचा सगळा लेख याच एका गोष्टीवर आहे.

आपल्याकडचं गिऱ्हाईक कोण?

बीड जिल्हा म्हणजे ऊसतोड. दिवाळीच्या आगेमागे कोयते निघतात, काही पश्चिम महाराष्ट्रात, काही कर्नाटकात, आणि पाच-सहा महिन्यांनी परत येतात. तोवर घराला कुलूप, नाहीतर घरात म्हातारी आई आणि शाळेतली नातवंडं. दुसरं गिऱ्हाईक म्हणजे ज्यांची पोरं पुण्या-मुंबईला नोकरीला आहेत आणि गावात आई-वडील दोघंच राहतात. तिसरं, शेतातल्या घराचं, जिथे मोटार, केबल, जनावरं यांची काळजी असते. आणि डिसेंबर २०२४ च्या मस्साजोगच्या घटनेनंतर तर 'सीसीटीव्ही फुटेज' हा शब्द जिल्ह्यात घरोघरी पोचला. मागणी आहे, पण तिघांची गरज वेगळी आहे. तिघांनाही एकच 'चार कॅमेऱ्यांचा सेट' विकणारा माणूस जास्त दिवस टिकत नाही.

आधी घर बघा, मग भाव सांगा

फोनवर भाव सांगायचा नाही. घरी जायचं, शक्यतो दोनदा, एकदा उजेडात आणि एकदा अंधार पडल्यावर. जाताना वहीत हे चार प्रश्न लिहून न्या:

१. तुम्हाला नेमकी भीती कशाची आहे? (गाडी, जनावरं, दागिने, की आई पडली तर कळावं?)
२. घरात येण्याच्या वाटा किती? मागचं दार, जिना, शेजारची कमी उंचीची भिंत सगळं धरून.
३. लाईट किती तास जाते? इन्व्हर्टर आहे का?
४. रेकॉर्डिंग कोण बघणार? घरातला माणूस की बाहेरगावी असलेला?

या उत्तरांवरून निम्मा माल आपोआप ठरतो. बऱ्याचदा आठ कॅमेरे मागणाऱ्याला चारच लागतात. तसं त्याला तोंडावर सांगा. आज चार कॅमेऱ्यांचा नफा जाईल, पण तो माणूस भावकीतली तीन घरं आणून देईल.

चार प्रकार, चार उपयोग

*डीव्हीआर आणि एचडी कॅमेरे:* जाड केबल, ज्याला आपण थ्री प्लस वन म्हणतो. एक तार चित्राची, बाकीच्या वीजपुरवठ्यासाठी. गावातल्या बांधलेल्या घराला अजूनही हाच प्रकार सोयीचा, कारण दुरुस्ती सोपी आणि इंटरनेट नसलं तरी रेकॉर्डिंग चालू राहतं.

*एनव्हीआर आणि आयपी कॅमेरे:* पीओई स्विच वापरला तर एकाच कॅट सिक्स केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही जातं. एका केबलची मर्यादा १०० मीटर. बंगला, हॉस्पिटल, मोठं दुकान अशा कामाला चांगला.

*वायफाय कॅमेरा:* भाड्याचं घर, फ्लॅट. राउटर आणि कॅमेऱ्याच्या मध्ये जाड दगडी भिंत असेल तर आधी मोबाईल घेऊन त्या जागी उभे राहा आणि सिग्नल बघा. कॅमेरे बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, पाच गिगाहर्ट्झचं नाव शोधत बसू नका.

*सिमकार्डवाला फोर-जी कॅमेरा:* शेत आणि ऊसतोड कुटुंबाचं कुलूपबंद घर. सोलर पॅनलवाला घेतला तर लाईटचाही प्रश्न सुटतो. पण डेटाचा हिशोब आधीच सांगा. एक एमबीपीएसने लाईव्ह बघितलं तर तासाला सुमारे ४५० एमबी जातात. रोज दीड जीबीचं रिचार्ज असेल तर तीन तासांत संपलं. म्हणून "दिवसभर लावून ठेवू नका, अलर्ट आला की बघा," हे बसवतानाच समजावून सांगायचं.

माल घेताना एक नियम लक्षात ठेवा. केंद्र सरकारने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या अटी घातल्या आहेत आणि ९ एप्रिल २०२५ पासून त्या लागू आहेत. कॅमेऱ्याची सरकारमान्य प्रयोगशाळेत चाचणी झालेली असावी लागते. म्हणून होलसेलवाल्याकडून मॉडेल नंबरसकट पक्कं बिल घ्या आणि त्या मॉडेलचं प्रमाणपत्र मागा. "जुना स्टॉक आहे, स्वस्तात घ्या" म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

हार्ड डिस्कचा हिशोब पाठ करा

हा हिशोब ज्याला येतो त्याच्यासमोर गिऱ्हाईक घासाघीस कमी करतं. एक एमबीपीएसचं रेकॉर्डिंग दिवसरात्र चाललं तर एका दिवसात १०.८ जीबी जागा लागते. दोन एमबीपीएस असेल तर २१.६ जीबी. चार कॅमेरे दोन-दोन एमबीपीएसने चालले तर दिवसाला ८६.४ जीबी. म्हणजे १ टीबीची डिस्क साधारण साडेअकरा दिवसांत भरते आणि मग जुनं पुसून त्यावरच नवीन लिहिलं जातं.

आता तुम्ही सांगा, जो माणूस कारखान्यावर आहे आणि ज्याला चोरी झाल्याचं पंधरा दिवसांनी कळणार आहे, त्याला १ टीबी पुरेल का? नाही पुरणार. त्याला एक तर मोठी डिस्क द्या, नाहीतर हालचाल झाल्यावरच रेकॉर्ड होईल असं सेटिंग करा. एच.२६५ चालणारा डीव्हीआर घेतला तर जुन्या एच.२६४ पेक्षा कमी जागेत तेवढंच चित्र बसतं. आणि डिस्क सर्व्हिलन्सचीच घ्या, ती चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली असते. माझी चूक तुम्ही करू नका.

बसवताना

कॅमेरा जितका उंच तितका चांगला, हा गैरसमज काढून टाका. वीस फुटांवरून माणसाचं डोकं आणि टोपी दिसते, चेहरा नाही. दारावरचा कॅमेरा आठ ते दहा फुटांवर ठेवा. २.८ एमएमची लेन्स जवळचं आणि रुंद दाखवते, अंगणाला ती ठीक. फाटक लांब असेल तर ६ एमएम घ्या, त्यात रुंदी कमी पण चेहरा मोठा येतो.

पूर्व-पश्चिमेला तोंड करून लावला तर सकाळी नाहीतर संध्याकाळी सूर्य थेट लेन्समध्ये येतो. रात्री इन्फ्रारेड चालू झाल्यावर जवळच्या पांढऱ्या भिंतीवरून उजेड परत येतो आणि चित्र धुरकट होतं, म्हणून अंधारात तपासल्याशिवाय स्क्रू घट्ट आवळू नका. त्या उजेडाला किडे येतात, किड्यांसाठी कोळी येतो आणि लेन्ससमोर जाळं विणतो. महिन्यातून एकदा फडकं मारायला घरच्यांना सांगून ठेवा.

"दिवसा चालतो, रात्री बंद पडतो" अशी तक्रार आली की नवीन पोरं लगेच कॅमेरा बदलतात. आधी व्होल्टेज बघा. रात्री इन्फ्रारेडमुळे कॅमेरा जास्त करंट ओढतो, लांबच्या बारीक तारेत १२ व्होल्टचं व्होल्टेज गळतं आणि कॅमेरा बंद-चालू होत राहतो. चांगली केबल टाकली की कॅमेरा सुधारतो!

लाईट आणि वीज

चार कॅमेरे आणि डीव्हीआर मिळून साधारण ४० वॅट घेतात. १५० एएचच्या इन्व्हर्टर बॅटरीतली अर्धीच वीज धरली तरी हा भार वीसेक तास निघतो. पण त्याच बॅटरीवर पंखे आणि दिवेही असतात, ते वजा करून सांगा. आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्यायला विसरू नका. हे हमखास राहतं. कॅमेरे चालू असतात, पण पुण्यातल्या पोराच्या मोबाईलवर काहीच दिसत नाही आणि शिव्या आपल्याला बसतात.

वळवाच्या पावसात आपल्याकडे विजा जोरात पडतात. शेतातून आलेल्या लांब केबलमधून झटका थेट डीव्हीआरपर्यंत येऊ शकतो. अर्थिंग नीट करा, सर्ज प्रोटेक्टर लावा.

पासवर्ड ही तुमची जबाबदारी

२०१६ साली 'मिराय' नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. कसे? कंपनीचे आयते पासवर्ड कोणी बदललेच नव्हते. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातल्या महिलांचं तपासणीचं चित्रीकरण बाहेर विकलं गेल्याचं उघड झालं. त्यात पकडलेल्यांत महाराष्ट्रातलेही होते. विचार करा, ते कॅमेरे आपण बसवले असते तर?

म्हणून तीन नियम. पासवर्ड गिऱ्हाईकाच्या हातानेच टाकायचा, आपण तोंड फिरवायचं. सर्व्हिसच्या नावाखाली आपल्या मोबाईलवर त्याचं घर जोडून ठेवायचं नाही. आणि झोपायची खोली, न्हाणी, कपडे बदलायची जागा इथे कॅमेरा लावायचा नाही, मालकाने कितीही सांगितलं तरी. खासगी चित्रण हा कायद्याने गुन्हा आहे.

इथेच एक प्रसंग आठवतो. एक जोडपं कारखान्यावर निघालं होतं. त्यांना आईच्या खोलीत कॅमेरा हवा होता. म्हातारी बाजेवर बसून सगळं ऐकत होती. म्हणाली, "मी काय चोर हाय व्हय?" मग आम्ही कॅमेरा अंगणात लावला, ती जिथे सकाळी तुळशीला पाणी घालते तिथे. रोज सकाळी आई दिसली की लेकाला बरं वाटतं आणि आईला खोलीत मोकळं वाटतं. ज्याच्यावर कॅमेरा लागणार त्यालाही विचारायचं, हे मला त्या माउलीने शिकवलं.

फुटेज पुरावा कधी होतं?

शेजारच्या जालन्याचं उदाहरण घ्या. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही, यावर खोतकर विरुद्ध गोरंट्याल हा खटला झाला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण त्यात पुरावा म्हणून आलं. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ उपकरण कोर्टात आणणार नसाल आणि नुसती प्रत देणार असाल, तर कायद्याचं प्रमाणपत्र लागतंच. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे.

आपल्या कामाचा अर्थ एवढाच: घटना घडली की डीव्हीआरला हात लावायच्या आधी पोलिसांना कळवायला सांगा. टीव्हीचं मोबाईलवर शूटिंग करून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. आणि घड्याळ बरोबर ठेवा. आतला छोटा सेल संपला की लाईट जाऊन आल्यावर तारीख मागे जाते, आणि चुकीच्या तारखेवर समोरचा वकील पहिलं बोट ठेवतो.

आता धंद्याचं

कोटेशनमध्ये माल, केबल आणि मजुरी वेगवेगळी लिहा. कॅमेऱ्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, तो आधीच दाखवा. खरी कमाई वर्षाच्या देखभाल करारात आहे. कॅमेरा एकदा विकला जातो, पण दर तीन महिन्यांनी लेन्स पुसणं, तारीख बघणं आणि मागचं रेकॉर्डिंग चालवून दाखवणं हे काम दरवर्षी मिळतं. ऊसतोडीच्या गावांत दसऱ्याच्या आधी एक फेरी मारा, लोक निघायच्या गडबडीत असताना नको. उधारी उचलीच्या भरवशावर देऊ नका. त्या पैशाला आधीच दहा वाटा असतात. शिकायचं असेल तर जिल्ह्याच्या आरसेटी केंद्रात सीसीटीव्हीच्या मोफत प्रशिक्षणाची चौकशी करा.

या आठवड्याचं काम: ओळखीच्या तीन घरी जा, जिथे कॅमेरे आधीच आहेत. काहीही विकू नका. फक्त म्हणा, "मागच्या मंगळवारचं दुपारी तीनचं रेकॉर्डिंग दाखवता का?" किती घरी सापडतं ते मला कळवा. जिथे सापडलं नाही, ते तुमचं पहिलं गिऱ्हाईक.

गुरुजींच्या घरी मी अजून दर तीन महिन्यांनी जातो. मागचं रेकॉर्डिंग लावून दाखवतो, चहा घेतो, निघतो. त्याचे पैसे मी घेत नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत. जय महाराष्ट्र!