चर्चा आणि अभिलेख यांची सांगड : बहुकेंद्री कृषी संशोधनासाठी सहकार्य साधने व दस्तऐवज व्यवस्थापन प्रणाली

प्रस्तावना

कृषी संशोधन हे एका प्रयोगशाळेत किंवा एका प्रक्षेत्रावर पूर्ण होणारे काम नाही. भारतात मका पिकासाठी 1957 मध्ये पहिला अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प सुरू झाला आणि तेव्हापासून एकाच आराखड्यानुसार अनेक राज्यांत एकाच वेळी चाचण्या घेण्याची पद्धत रूढ झाली. सोयाबीनचा समन्वित प्रकल्प 1967 पासून कार्यरत आहे. त्याचे समन्वयन इंदूर येथून होते, तर चाचण्या पंतनगर, जबलपूर, धारवाड, परभणी अशा परस्परांपासून दूर असलेल्या केंद्रांवर घेतल्या जातात. ही केंद्रे एकमेकांशी जोडलेली असतात ती कागदपत्रांनी : तांत्रिक कार्यक्रम, निरीक्षण नोंदवही, हवामानाच्या नोंदी, विश्लेषण तक्ते आणि वार्षिक अहवाल. हे दस्तऐवज आज संगणकावर तयार होतात. मात्र त्यांवरील चर्चा बहुधा भ्रमणध्वनीवरील संदेश गटांत आणि ई-मेलमध्ये होते. चर्चा एकीकडे व दस्तऐवज दुसरीकडे, ही स्थिती संशोधनाच्या गुणवत्तेस बाधक ठरू शकते.

समस्येचे स्वरूप

एक उदाहरण घेऊ. एखाद्या चाचणीच्या मसुद्यात दोन ओळींतील अंतर 45 सें.मी. दिले आहे. वार्षिक बैठकीनंतर ते 30 सें.मी. करण्याचा निर्णय होतो आणि सुधारित पत्रक संदेश गटात पाठविले जाते. त्या दिवशी गटात शंभर संदेश येतात. एका केंद्रावर आधी उतरवून घेतलेली जुनी प्रतच वापरली जाते व पेरणी 45 सें.मी. अंतरावर होते. चूक लक्षात येईपर्यंत पीक फुलोऱ्यात आलेले असते. अशा केंद्राची आकडेवारी एकत्रित विश्लेषणात घेता येत नाही. खरीप वर्षातून एकदाच येतो. त्यामुळे एका चुकीच्या प्रतीची किंमत संपूर्ण हंगामाने मोजावी लागते. वाणाची चाचणी अनेक वर्षे चालत असल्याने हा खंड शेतकऱ्यापर्यंत वाण पोहोचण्याच्या काळावरही परिणाम करू शकतो.

दोन प्रणाली, दोन कार्ये

सहकार्य साधने म्हणजे संदेश, दृक्श्राव्य बैठक, सामायिक संपादन व कामवाटप यांची सोय करणारी साधने. त्यांचे बळ वेगात आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने शासकीय वापरासाठी विकसित केलेले ‘संदेस’ हे याच प्रकारातील साधन होय.

दस्तऐवज किंवा आशय व्यवस्थापन प्रणालीचे बळ मात्र शिस्तीत आहे. कोणती प्रत अंतिम आहे, ती कोणी व कधी मंजूर केली, कोणास पाहता येईल आणि किती काळ जतन करावयाची आहे, याची नोंद ही प्रणाली ठेवते. केंद्र व राज्य शासनाच्या अनेक कार्यालयांत वापरात असलेल्या ई-ऑफिसमध्ये नस्तीचा प्रवास, टिपणी आणि मंजुरी यांची अशीच नोंद राहते.

एक साधन दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. केवळ संदेश गट असेल तर निर्णयाचा पुरावा उरत नाही. केवळ नस्ती असेल तर तातडीची शंका विचारण्यास जागा नसते.

सांगड कशी घातली जाते

या सांगडीचे मूलतत्त्व सोपे आहे : दस्तऐवज एकाच ठिकाणी राहतो, चर्चेत केवळ त्याचा दुवा फिरतो. दुवा उघडणाऱ्यास नेहमी अद्ययावत प्रत दिसते आणि जुन्या आवृत्त्या इतिहासात सुरक्षित राहतात.

मायक्रोसॉफ्ट टीम्स हे 2017 मध्ये उपलब्ध झालेले साधन याचे परिचित उदाहरण आहे. त्यातील सार्वजनिक वाहिनीत टाकलेली फाइल संघाच्या शेअरपॉइंट संग्रहात साठविली जाते. खासगी संवादात पाठविलेली फाइल मात्र पाठविणाऱ्याच्या वैयक्तिक वनड्राइव्हमध्ये राहते. हा भेद व्यवहारात महत्त्वाचा आहे. शास्त्रज्ञाची बदली किंवा निवृत्ती झाली व त्याचे खाते बंद झाले, तर वैयक्तिक जागेतील आकडेवारी ठरावीक मुदतीनंतर नष्ट होऊ शकते. संघाच्या संग्रहातील दस्तऐवज मात्र संस्थेकडेच राहतो.

निरनिराळ्या कंपन्यांच्या प्रणाली परस्परांशी जोडता याव्यात म्हणून ‘ओएसिस’ या मानक संस्थेने 2010 मध्ये ‘सीएमआयएस’ हे मानक स्वीकारले. नवी प्रणाली निवडताना ती अशा खुल्या मानकांवर चालते का, हे तपासणे हिताचे असते; अन्यथा पुढे दुसऱ्या प्रणालीकडे जाताना जुना संग्रह अडकून पडतो.

अंमलबजावणीची सूत्रे

1. प्रत्येक चाचणीसाठी एकच संग्रहस्थान निश्चित करावे आणि संदेश गटात फाइलऐवजी दुवाच पाठवावा.

2. फाइलच्या नावात पीक, चाचणी, केंद्र, हंगाम व वर्ष हा क्रम सर्व केंद्रांनी पाळावा. ‘अंतिम’, ‘अंतिम-नवीन’ अशी नावे टाळावीत.

3. मसुदा, तपासणी व मंजुरी या अवस्था प्रणालीतच दर्शवाव्यात. मंजूर प्रत संपादनासाठी बंद असावी.

4. संकेतांकित वाणांची माहिती आवश्यक त्या अधिकाऱ्यांपुरतीच मर्यादित ठेवावी.

5. बैठकीत किंवा संदेशात झालेला निर्णय त्याच दिवशी संबंधित दस्तऐवजास जोडावा.

6. जतनाचा काळ आधीच ठरवावा. महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांत अभिलेखांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी करून निंदणीकरण केले जाते. तीच शिस्त संगणकीय संग्रहास लावणे शक्य आहे. मूळ निरीक्षणे कायम जतन करावीत. तात्पुरते मसुदे मुदतीनंतर काढून टाकावेत.

7. प्रक्षेत्रावर इंटरनेट जोडणी दुर्बळ असल्यास नोंदी भ्रमणध्वनीत साठवून जोडणी मिळताच संग्रहात पाठविण्याची सोय असावी.

कायदेशीर बाजू

माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 4 नुसार सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचीबद्ध व निर्देशांकित ठेवणे अपेक्षित आहे. शेतकऱ्यांची नावे, भ्रमणध्वनी क्रमांक किंवा जमिनीचा तपशील संदेश गटांत विखुरलेला असेल, तर ना अभिलेख सूचीबद्ध राहतात, ना वैयक्तिक माहितीचे रक्षण होते. एकसंध प्रणालीत ही दोन्ही कर्तव्ये पार पाडणे सुलभ होते.

निष्कर्ष

सॉफ्टवेअर खरेदी केल्याने ही सांगड आपोआप साधत नाही. तिचा पाया संस्थेच्या सवयींमध्ये आहे. म्हणून प्रारंभ एका पिकाच्या, एका हंगामाच्या व मोजक्या केंद्रांच्या चाचणीपासून करावा, अडचणी नोंदवाव्यात आणि नंतर विस्तार करावा. बियाण्याच्या पिशवीवर जशी खूणचिठ्ठी अनिवार्य असते, तशीच प्रत्येक दस्तऐवजास ओळख व निश्चित जागा असावी. असे झाल्यास पेरणीच्या दिवशी प्रत्येक केंद्राच्या हाती एकच आणि योग्य प्रत असेल, व हंगामाचे श्रम सार्थकी लागतील.