हिरडीचा तुकडा

मे महिन्यात अकोल्यात, तपासायचा तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा बर्फावरून उचलला की घाई करावी लागते. लॅबमधली ताई तो मायक्रोटोममध्ये बसवते, चाक फिरवते आणि चार मायक्रॉन जाडीचे काप एकाला एक चिकटून फितीसारखे बाहेर येतात. खोली तापली असेल तर मेण मऊ पडतं, काप चुरगळतो आणि ठोकळा पुन्हा बर्फावर जातो. जमलेला काप ती कोमट पाण्यावर सोडते. ते पाणी ४५ अंशांच्या आसपास असतं, म्हणजे बाहेर रस्त्यावर ऊन असतं तेवढंच. काप पाण्यावर अलगद पसरला की खालून काचपट्टी घालून उचलायचा.

त्या दिवशीचा काप माझ्याच पेशंटच्या हिरडीचा होता. पूर्णेपलीकडच्या खारपाणपट्ट्यातला, जिनिंगमध्ये काम करणारा चाळिशीचा माणूस. खालच्या पुढच्या दातांपाशी बोराएवढी गाठ. साध्या पायरियासाठी आम्ही तुकडा तपासायला पाठवत नाही. पण हा दिवसभर तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणारा, म्हणून कॅन्सरची शंका ठेवायची नव्हती. किती दिवसांपासून रक्त येतं, असं विचारलं तर म्हणाला, ‘‘रगत तं चार-पाच वर्सापासून येते डॉक्टरसायेब. पन दुखत नाही ना. दुखत नाही तं बिमारी कायची?’’

रिपोर्ट आला. कॅन्सर नाही, सुजेमुळे वाढलेलं मांस. त्याचा चेहरा खुलला. मला मात्र ती काचपट्टी स्वतः पाहायची होती, म्हणून संध्याकाळी लॅबमध्ये जाऊन बसलो.

निरोगी हिरडीत गुलाबी रंगाचे तंतू दिसतात. कोलॅजनचे, कापसाच्या पेळूसारखे लांब, एका दिशेनं गेलेले. दाताला हिरडी घट्ट धरून ठेवतात ते हेच. या काचपट्टीच्या एका कडेला तसे तंतू होते. काचपट्टी जरा सरकवली आणि ते संपले. तिथे नुसती जांभळ्या ठिपक्यांची गर्दी, घुशींनी पोखरलेल्या बांधासारखी जागा. वरचं अस्तर काही ठिकाणी इतकं पातळ झालेलं की खालच्या फुगलेल्या रक्तवाहिन्या जवळजवळ उघड्या पडलेल्या. ब्रश लागला की रक्त येतं ते इथून.

भिंग मोठं केलं. अस्तरातून वाट काढत दाताच्या फटीकडे निघालेले न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंना आवरायला येणाऱ्या पांढऱ्या पेशी, दोन-तीन खंडांचं केंद्रक असलेल्या. या पेशी सगळ्यांत आधी येतात. दातावर जंतूंचा थर साचू लागला की थोड्याच दिवसांत. मग लिम्फोसाइट. आणि या तुकड्यात सर्वांत जास्त होत्या त्या प्लाझ्मा पेशी : अंडाकृती, केंद्रक एका बाजूला सरकलेलं, त्यात घड्याळाच्या तबकडीसारखे ठिपके. पेज आणि श्रोडर या संशोधकांनी १९७६ मध्ये हिरडीच्या सुजेच्या चार पायऱ्या मांडल्या. प्लाझ्मा पेशींची अशी गर्दी तिसऱ्या पायरीपासून दिसते, म्हणजे सूज मुक्कामाला आलेली असते. चौथ्या पायरीत हाड झिजायला लागतं. ते हाड जंतू खात नाहीत. जंतूंना आवरायला आलेल्या पेशींच्या रसायनांनी जाग्या झालेल्या आपल्याच हाडातल्या पेशी ते विरघळवतात. मला इतकी वर्षं झाली, तरी ही गोष्ट अजून अस्वस्थ करते.

दुसऱ्या दिवशी त्याच्या हिरडीत मोजपट्टीची बारीक सळई घातली. दात आणि हिरडी यांच्यामधली निरोगी फट एक ते तीन मिलिमीटर असते. त्याची दोन दातांपाशी आठ, बाकी ठिकाणी पाच-सहा. ‘‘आमच्याकडचं पानीच खारं हाये, त्यानंच झालं,’’ तो म्हणाला. खाऱ्या पाण्यानं खारपाणपट्ट्यातल्या माणसांचं पुष्कळ नुकसान केलं आहे, पण हा दोष पाण्याचा नाही. हा दातांवरून रोज न निघालेल्या जंतूंच्या थराचा आहे. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हाराल्ड ल्यो या संशोधकानं डेन्मार्कमध्ये निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं थांबवायला सांगितलं. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि पुन्हा घासायला लागल्यावर बऱ्या झाल्या. सूज हिरडीपुरती असते तोवर सगळं परत येतं. एकदा झिजलेलं हाड बहुतेक परत येत नाही.

‘‘पन साफ केल्यानं दात हालतात म्हनते ना सायेब?’’ हा प्रश्न मला आठवड्यातून चारदा ऐकावा लागतो आणि दर वेळी तेच उत्तर देतो : भाऊ, दात आधीच हालत होता, दातावर कडक झालेल्या कीटणानं तो नुसता टेकू देऊन धरला होता.

त्यानं चार वेळा येऊन दात साफ करून घेतले. खर्रा पूर्ण सुटलेला नाही, कमी झाला आहे. तीन महिन्यांनी पुन्हा सळई घातली तेव्हा बहुतेक फटी चारवर आल्या होत्या आणि रक्त आलं नाही. खालचे दोन दात मात्र काढावे लागले.