खोली एक, पक्की बुकिंगे दोन

मंडळी, मागच्या वेळी लातूरला वचन आणि करार या विषयावर आम्ही बोललो. उठताना एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी गाठले. "सर, निवृत्तीच्या पैशातून पंचवीस वर्षांचं सुट्टीचं सदस्यत्व घेतलं. महाबळेश्वरचं बुकिंग पक्कं होतं. रात्रभर प्रवास करून गेलो, तर काउंटरवरचा पोरगा म्हणतो, खोल्या भरल्यात, पाचगणीला सोय केलीय. असं करता येतं का त्यांना?" तत्त्वज्ञानाच्या मास्तराला इतका रोकडा प्रश्न क्वचितच मिळतो. तिथे उत्तर अर्धवट राहिले, ते आज नांदेडात पुरे करू.

टाइमशेअरमध्ये बहुतेक वेळा आपण खोली घेत नाही. वर्षातून काही दिवस खोली मागण्याचा हक्क घेतो, तोही उपलब्धतेनुसार. त्यामुळे दिवाळीत जागा मिळाली नाही, एवढ्याने करार मोडला असे म्हणता येत नाही. पण बुकिंग पक्के झाल्याचे कळवले, की गोष्ट बदलते. आता ते ठरावीक जागेचे, ठरावीक तारखेचे वचन झाले.

काही जण येणारच नाहीत, या हिशोबाने जादा बुकिंग घेतात. रेल्वेचे बघा. देवगिरीचे तिकीट आरएसी असेल तर तसे छापून येते, अर्ध्या बाकाची तयारी ठेवूनच आपण निघतो. विमानवाले मात्र जादा तिकिटे विकतात. तिथे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे: आधी स्वखुशीने जागा सोडणारे शोधा. नाही मिळाले आणि पर्यायी विमान तासाभरात नसेल, तर भरपाई, 24 तासांच्या आत सोय केली तर 10,000 रुपयांपर्यंत, त्यानंतर 20,000 पर्यंत. टाइमशेअरसाठी असा तक्ता नाही. म्हणून कंपन्या करारातल्या एका वाक्याकडे बोट दाखवतात: अपरिहार्य कारणास्तव समकक्ष निवास देऊ.

समकक्ष कोणासाठी? पाचगणी वीसेक किलोमीटरवर, खोलीही चांगली असेल. पण बाईंच्या यजमानांचे गुडघे दुखतात आणि खोली दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही! शिवाय जादा बुकिंग तुम्हीच घेतले. त्याला अपरिहार्य कसे म्हणायचे?

ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये कबूल केलेली सेवा न देणे ही सेवेतली त्रुटी ठरू शकते. करारातल्या वाक्याने आयोगाचे दार बंद होत नाही. पूर्वी बहुधा कंपनीच्या गावी दावा लावावा लागे. आता राहत्या जिल्ह्यात, म्हणजे लातूरकरांना लातुरात, तक्रार करता येते. दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे, 2 वर्षांच्या आत. त्याआधी 1915 या हेल्पलाइनवर फोन करून बघावा.

काउंटरवर मात्र एक करा. हलवण्याचे कारण लेखी मागा. रात्र पडली, जाणे भागच आहे, तर सहीच्या वर "नाइलाजाने स्वीकारत आहे" एवढे लिहा. नाहीतर उद्या तीच सही संमती म्हणून पुढे येते.

बाईंनी बुकिंगचा ईमेल जपून ठेवलाय. पाचगणीला सही केलेला कागद मात्र त्यांनी वाचला नव्हता. त्याची प्रत मागवा, असे आम्ही सांगितले आहे.