चोवीस व्होल्टचा कारागीर



दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते : पोराला पुढं काय करायचं? शेतीची वाटणी होत होत तुकडे पडलेले. दोन एकर उसावर दोन भावांचे संसार चालत नाहीत, हे सांगायला कोणी पंडित नको. मग कोणी म्हणतो कॉलेजात घाला, कोणी म्हणतो तालुक्याला दुकान काढून द्या, आणि कोणी चिरंजीवांचा अर्ज खिशात घालून संचालकांच्या दारी उभा राहतो. अशा वेळी विचारात घेण्याजोगा एक धंदा आहे. त्याची गरज कारखान्यात आहे आणि आपल्या शेतातही आहे. तो म्हणजे कमी दाबाच्या विजेवर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेच्या कारागिराचा.

जाड वीज आणि बारीक वीज

विहिरीवरची मोटार, स्टार्टर, घरातली वायरिंग हे काम वायरमन आणि इलेक्ट्रिशियन यांचे. तेथे २३० किंवा ४१५ व्होल्टचा दाब असतो. परंतु कारखान्यात दुसरीही वीज खेळत असते. ती साधारण २४ व्होल्टची. ती यंत्र फिरवीत नाही, यंत्राला निरोप देते. बॉयलरच्या ड्रममध्ये पाणी किती, पॅनचे तापमान किती, टाकी किती भरली, याची खबर तीच नियंत्रण कक्षात नेते.

ही खबर बहुधा ४ ते २० मिलिअँपिअर प्रवाहाच्या रूपाने जाते. टाकी रिकामी असेल तर ४, अर्धी भरली तर १२ आणि पूर्ण भरली तर २०. सुरुवात शून्यापासून का नाही, असे कोणी विचारील. कारण सोपे आहे. तार तुटली तर प्रवाह शून्य होतो. रिकामी टाकी आणि तुटलेली तार यांतला फरक त्यामुळे लगेच कळतो. अशा साध्या युक्त्या समजून घेणे हाच या विद्येचा पाया आहे.

काट्यावरचा हिशेब

आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट घेऊ. ट्रॅक्टर किंवा बैलगाडी काट्यावर चढली की खाली बसवलेल्या लोडसेलवर भार येतो. त्याला १० व्होल्टचा पुरवठा दिला असेल, तर पूर्ण भाराला तो साधारणपणे २० मिलिव्होल्ट परत देतो. समजा सेल ३० टन क्षमतेचा आहे. म्हणजे १ मिलिव्होल्टला दीड टन आणि मिलिव्होल्टच्या शंभराव्या हिश्श्याला १५ किलो! जंक्शन बॉक्समध्ये ओल शिरली किंवा उंदराने केबल कुरतडली, तर आकडा हलू लागतो. तो कधी शेतकऱ्याच्या अंगावर बसतो, तर कधी कारखान्याच्या.

मात्र काट्याचे सील तोडून वजनात फेरफार करण्याचा अधिकार कोणाही कारागिराला नाही. काट्याची दुरुस्ती परवानाधारकाने करावयाची आणि नंतर वैधमापन खात्याकडून पडताळणी करून घ्यावयाची, असा कायदा आहे. परंतु दोष कोठे आहे हे वेळेवर ओळखून काटा थांबवणारा जाणकार माणूस जवळ असला, तर निम्मे वाद मिटतात.

उतारा टिकवणारी नजर

कच्च्या उसाच्या रसाचा सामू सुमारे ५.२ ते ५.५ असतो. चुना आणि गंधकाची धुरी देऊन तो ७ च्या आसपास आणतात. तो खाली राहिला तर साखरेचे विघटन होऊन साखर मळीत जाते. फार वर चढला तर साखरेचा रंग बिघडतो. हा सामू मोजणारी काचेची नळी रसात बुडालेली असते, तिच्यावर थर चढतो आणि ती खोटे बोलू लागते. तिला वेळोवेळी धुऊन ठरलेल्या सामूच्या द्रावणात तपासून खरी करावी लागते. एफआरपी उताऱ्याशी बांधलेली आहे, हे सभासदांना सांगावयास नको. त्या नळीची निगा राखणारा कारागीर आपल्याच उसाच्या पैशाची राखण करीत असतो.

शिक्षण कोठे मिळते?

केंद्र सरकारची कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली. आपल्या महाराष्ट्रात प्रवरानगरच्या पहिल्या सहकारी साखर कारखान्याचे गाळपही १९५०-५१ च्याच हंगामात सुरू झाले. म्हणजे सहकारी कारखानदारी आणि आय.टी.आय. या दोन्ही गोष्टी एकाच वयाच्या म्हणायच्या.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतले दोन व्यवसाय या कामाचे आहेत. पहिला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक आणि दुसरा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. दोन्ही दोन वर्षांचे. विज्ञान आणि गणित घेऊन दहावी पास झालेल्यांना प्रवेश मिळतो. पहिल्यात मीटरने मोजमाप, डाग देणे म्हणजे सोल्डरिंग, वीजपुरवठ्याची सर्किटे, ट्रान्झिस्टर, सेन्सर, इन्व्हर्टर आणि सौर यंत्रणा शिकवतात. दुसऱ्यात दाब, प्रवाह, पातळी व तापमान मोजणारी उपकरणे आणि नियंत्रण व्हॉल्व्ह यांवर भर असतो. साखर कारखान्याला दुसरा अधिक जवळचा, पण तो प्रत्येक तालुक्याच्या संस्थेत असेलच असे नाही. राज्यातील प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयामार्फत ऑनलाइन होतात. मुलींनीही या कामाकडे वळावे. येथे ताकदीपेक्षा स्थिर हात आणि शांत डोके लागते.

उमेदवारीशिवाय कारागीर नाही

दोन वर्षांनी प्रमाणपत्र हाती येते, पण हात तयार होतो तो चालू यंत्रावर. त्यासाठी शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ साली झाला. आज ३० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, आणि त्यांना विद्यावेतन द्यावे लागते. आपल्या कारखान्याने यंदा किती उमेदवार घेतले, त्यांत सभासदांची मुले किती, हा प्रश्न वार्षिक सभेत जरूर विचारावा. तो सभासदांचा हक्क आहे.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितलेली बरी. उमेदवारी म्हणजे कायम नोकरीची हमी नव्हे. कारखान्यात अशा कारागिरांच्या जागा मोजक्याच असतात. म्हणून केवळ कारखान्याकडे डोळे लावून मुलाला या वाटेला लावू नये. दूध शीतकरण केंद्रे, औद्योगिक वसाहती, सौर पंप, कॅमेरे, दवाखान्यातील उपकरणे, सगळीकडे हेच हात लागतात. ठिबकचे स्वयंचलित व्हॉल्व्ह बहुतेक २४ व्होल्टचेच असतात. ते बंद पडले की आज शेतकरी शहराच्या माणसाची वाट पाहत बसतो आणि ऊस तहानेला राहतो. गावातच जाणकार पोरगं असलं तर त्याचं घर चालेल आणि चार शेतकऱ्यांचं पाणीही वेळेवर मिळेल.

प्रवेशापूर्वी हे पाहावे

१. संस्था आणि तो व्यवसाय राष्ट्रीय परिषदेने मान्य केलेला आहे काय? नुसत्या पाटीवर जाऊ नये.

२. कार्यशाळा स्वतः जाऊन पाहावी. मीटर, सोल्डरिंगची साधने, ऑसिलोस्कोप मुलांच्या हाती पडतात की कपाटात कुलूपबंद असतात, हे तेथील मुलांनाच विचारावे.

३. हे प्रमाणपत्र म्हणजे तारतंत्रीचा परवाना नव्हे. घरगुती वा मोटारीची वायरिंग करावयाची तर तो परवाना वेगळा घ्यावा लागतो.

४. पुढे शिकण्याची इच्छा असेल तर दोन वर्षांचे आय.टी.आय. झाल्यावर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे. दार बंद होत नाही.

बंधूंनो, आपल्या आधीच्या पिढीने शेअरचे पैसे गोळा करून कारखाना उभा केला तेव्हा त्यातली यंत्रे दुरुस्त करणारे हात बाहेरून आणावे लागले. आज ते हात घरच्या घरी तयार करता येतात. चोवीस व्होल्टचा झटका माणसाला सहसा जाणवत नाही; पण त्या तारेकडे दुर्लक्ष झाले तर कारखान्याला मोठा झटका बसतो. तेव्हा प्रवेशाची मुदत टळून जाण्याआधी जवळच्या आय.टी.आय.त एक चक्कर मारा, आणि जाताना पोराला किंवा पोरीला बरोबर न्या.