मागल्या आसाची कैफियत

लासलगावच्या बाजार समितीकडे कांद्याच्या गोण्या घेऊन निघालेली, अथवा कोकणातून घाट चढून आंब्याच्या पेट्या देशावर आणणारी, पंधरा-वीस वर्षांची सेवा झालेली पिकअप गाडी जेव्हा ठरावीक वेगाला मागच्या बाजूने लांबट, चढत्या सुराचा हुंकार देऊ लागते, तेव्हा पुष्कळ मालक तो वयाचा परिणाम समजून सोडून देतात. आणि मागचा डिफरन्शियल ही वस्तू त्यांच्या परिचयाची होते ती ऐन चढणीवर, इंजिन निर्वेध चालू असताना आणि गिअर पडलेला असतानाही चाके जागची हलेनाशी झाल्यावर. अशा प्रसंगी मोडलेला भाग काढून दुसरा बसवावा, हा इलाज कोणासही सुचतो. परंतु तो का मोडला याची तहकिकात केल्यावाचून केलेली अदलाबदल टिकत नाही, असे माझे ठाम मत आहे.

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या बाजूचे चाक आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापते. बैलगाडीला याची अडचण पडत नाही, कारण तिची चाके आसाभोवती मोकळी फिरतात आणि ओढण्याचे काम बैल करतात. मोटारीत मात्र चाकांनीच गाडी ढकलायची असल्यामुळे, दोहोंना जोर पोचावा आणि तरीही प्रत्येकास आपापल्या गतीने फिरण्याची मुभा असावी, ही परस्परविरुद्ध भासणारी मागणी एकाच यंत्राला पुरवावी लागते. फ्रान्समधील ओनेझिफोर पेकर याने वाफेच्या गाडीसाठी 1828 साली घेतलेल्या पेटंटात या प्रश्नाचे जे उत्तर दिले, ते तत्त्वतः आजही कायम आहे. शाफ्टने आणलेला जोर पिनियन या लहान दातेरी चाकाकडून क्राउन या मोठ्या चाकाला मिळतो व तेथे काटकोनात वळतो. क्राउनला जखडलेल्या पिंजऱ्यातील स्टार गिअर सरळ रस्त्यावर आपल्या खिळीभोवती न फिरता पिंजऱ्याबरोबर जातात आणि वळणावर फिरू लागून एका चाकाची जितकी गती कमी करतात, तितकीच दुसऱ्याची वाढवतात.

ज्या विलीस सीजे-3बी जीपचे उत्पादन महिंद्रांनी आपल्याकडे दीर्घकाळ केले, तिच्या क्राउनला 43 आणि पिनियनला 8 दात असत. म्हणजे शाफ्टच्या सुमारे 5.38 फेऱ्यांमागे चाकाची एक फेरी. 43 आणि 8 यांना सामाईक विभाजक नाही, आणि ही निवड हेतुपुरस्सर आहे: पिनियनचा प्रत्येक दात क्राउनच्या प्रत्येक दाताशी पाळीपाळीने भिडतो व झीज सर्वत्र सारखी वाटली जाते. ही दोन चाके कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीनेच सिद्ध केलेली असल्यामुळे, त्यांपैकी एकच बदलण्याची काटकसर कधीही करू नये. शिवाय 1920 च्या दशकात अमेरिकेतील ग्लीसन कारखान्याने विकसित केलेल्या हायपॉइड रचनेत पिनियन क्राउनच्या मध्यरेषेखाली बसतो. त्यामुळे दात मोठ्या दाबाखाली परस्परांवर घसरतात आणि साध्या तेलाचा थर तेथे तग धरत नाही. गंधक व फॉस्फरस यांची संयुगे असलेले जीएल-5 प्रतीचे तेल तेथे लागते ते याच कारणाने.

तहकिकातीस आरंभ होतो तो तेलाच्या बुचापासून. चुंबक बसवलेल्या बुचावर राखाडी, बोटाला मऊ लागणारा लेप आढळला, तर ती रोजची झीज होय. बोटाला टोचणाऱ्या, चकचकीत तुटीच्या कपऱ्या निघाल्या, तर दात अथवा बेअरिंग फुटले असे खुशाल समजावे. तेल दुधाळ असेल तर आत पाणी गेले आहे: तापलेला आस ओढ्याच्या पाण्यात शिरला की आतली हवा एकाएकी आकसते आणि श्वासनळीतून वा सीलच्या ओठातून पाणी ओढून घेते. ही श्वासनळी म्हणजे हौसिंगच्या माथ्यावरचे एक क्षुद्र छिद्र व त्यावरचे टोपण. पण त्यात चिखल सुकून बसला की तापलेल्या हवेला वाट उरत नाही, ती सील फोडून तेल बाहेर रेटते, तेल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरते, आणि कोरडे पडलेले पिनियनचे बेअरिंग प्रथम हुंकारते, मग सैल होते, आणि सरतेशेवटी दाताला दात चुकीच्या जागी भिडवून तो मोडते. मोडलेला दात हातात धरून उभा राहिलेला मालक त्या छिद्राकडे क्वचितच पाहतो, याची मला खरोखर खंत वाटते. दुसरे कारण चिखलाचे: एक चाक रुतून राहिले आणि दुसरे मोकळे फिरू लागले, तर ते नेहमीच्या दुप्पट गतीने फिरते, स्टार गिअर खिळीवर तापून चिकटतात, आणि चाकाला एकदम पकड मिळाली की तो हिसका दातांवर येतो. मागच्या दोन टायरांच्या घेरांत तफावत असली, तर याच स्टार गिअरांना सरळ रस्त्यावरही विसावा मिळत नाही.

कारण उमगल्यावर दोन मार्ग राहतात. कुर्ल्यासारख्या भंगार बाजारातून संपूर्ण हौसिंग आणावे, अथवा नवा क्राउन-पिनियन व बेअरिंगे घालून आपलेच उभे करावे. जुन्या गाडीच्या किमतीचा हिशेब पाहता पहिला मार्ग मला गैर वाटत नाही. मात्र दातांचे प्रमाण जुळलेच पाहिजे, आणि चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत तर पुढच्या व मागच्या आसांचे प्रमाण भिन्न राहिले तर तो साराच संच नासतो. विक्रेत्याच्या शब्दावर न विसंबता एक चाक अडवून दुसरे बरोबर दोन फेरे फिरवावे आणि पिनियनच्या फ्लँजचे फेरे मोजावे. जो आकडा येईल तेच प्रमाण. सील, तेल आणि श्वासनळी मात्र नवीच घालावी.

दुसरा मार्ग पत्करल्यास कामाचे खरे मोल मोजमापात आहे. चाकांना उटी लावून, गाडी घोड्यांवर घेऊन, शाफ्ट व फ्लँज यांवर जुळणीची खूण करून, ड्रम उतरवून एक्सल बाहेर ओढावे. बेअरिंगच्या टोप्यांवर डावी-उजवी अशी नोंद करावी, कारण त्या हौसिंगसह जागेवरच कातलेल्या असतात व त्यांची अदलाबदल होत नाही. मग हौसिंगच्या दोन्ही नळ्या टोकापर्यंत धुऊन पुसाव्या. हे काम घाईत वगळले जाते, आणि तेथे राहिलेला पोलादी कचरा नव्या बेअरिंगांत शिरून जुनाच गुन्हा पुन्हा करतो.

पिनियन किती आत बसावा हे पातळ शिमांनी मुकर्रर होते, त्याच्या बेअरिंगांवरचा दाब नटाने, आणि दातांमधला खेळ डायल गेजने पाहून. हा खेळ अशा आकाराच्या आसात बहुधा 0.10 ते 0.20 मिलिमीटरच्या दरम्यान असतो, तथापि निर्मात्याने दिलेला आकडाच प्रमाण मानावा. त्यानंतर क्राउनच्या काही दातांना निळा रंग फासून, चाकाला किंचित अटकाव करीत ते दोन्ही दिशांना फिरवले म्हणजे दातावर ठसा उमटतो. तो दाताच्या मध्यभागी पडला तर उत्तम. शेंड्याकडे सरकला तर पिनियन दूर राहिला आहे, मुळाशी गेला तर फार आत शिरला आहे. मग सर्व खोलून, शिम बदलून, पुन्हा जोडून पुन्हा ठसा घ्यावा. जाणता मिस्त्री येथे कंटाळत नाही, आणि मजुरीचा मोठा हिस्सा त्याला याच धिम्या उलटापालटीसाठी मिळाला पाहिजे.

तेल भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत भरावे, त्यावर नको. प्रथम मालाविना दहा-पंधरा मैल सावकाश फिरून गाडी पूर्ण निवू द्यावी, हा क्रम काही वेळा पाळावा, पहिले काही दिवस ओझे हलके ठेवावे. सुमारे 800 किलोमीटर झाले की ते तेल काढून नवे भरावे, आणि बूच काढल्यावर चुंबकावर काय चिकटले आहे ते उजेडात नेऊन पाहावे.