योजनेचा गुण कसा ओळखावा?

सर्दीचा रुग्ण औषध घेऊन जातो, आठवडाभरात बरा होतो आणि ‘डॉक्टर, तुमच्या औषधाचा चांगला गुण आला’ असे आवर्जून सांगतो. बहुतेक वेळा ती सर्दी औषधावाचूनही तेवढ्याच दिवसांत गेली असती. एका रुग्णाच्या बाबतीत हा समज फारसा बाधत नाही. मात्र लाखो कुटुंबांसाठी आखलेल्या आरोग्य योजनेविषयी तो झाला, तर निरुपयोगी उपायावर पैसा खर्च होत राहतो आणि ज्या उपायाने मुले वाचली असती, तो मागे पडतो.

योजनेचा गुण खरोखर आला का, हे पारखण्याचे शास्त्र ‘एमपीएच’ म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात शिकवले जाते. किती शिबिरे झाली, किती गोळ्या वाटल्या, हा केवळ कामाचा हिशेब होय. मूल्यमापनाचा प्रश्न निराळा आहे: ही योजना नसती, तर काय झाले असते?

गडचिरोलीतील तुलना

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून ही पदवी घेतली आणि मायदेशी परतून गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेचे काम उभारले. तिथे ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण महिला घरी जाऊन नवजात बाळाचे वजन, ऊब आणि स्तनपान पाहत; जंतुसंसर्ग आढळल्यास उपचारही करीत. तुलनेसाठी ४७ गावे निवडली होती. प्रारंभी दोन्हीकडे हजार जन्मांमागे सुमारे ६० बाळे पहिल्या महिन्यात दगावत. तिसऱ्या वर्षी पहिल्या गटात हे प्रमाण सुमारे २५ वर आले. तुलनेच्या गावांत ते साठच्या आसपासच राहिले. ही गावे नसती, तर घट चांगल्या पिकामुळे किंवा नव्या रस्त्यामुळे झाली, असे कोणीही म्हणू शकले असते. हा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे २०११ पासून आशा कार्यकर्तीने बाळाच्या घरी भेट देण्याची योजना देशभर सुरू झाली.

किलोभर डाळीचा हिशेब

दुसरे उदाहरण राजस्थानातील उदयपूर जिल्ह्याचे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी तेथील १३४ गावांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे केली. नेहमीचीच व्यवस्था असलेल्या गावांत ६ टक्के मुलांचे लसीकरण पूर्ण झाले होते. दरमहा खात्रीने शिबिर भरलेल्या गावांत १८ टक्के, आणि शिबिरासोबत प्रत्येक लसीला किलोभर डाळ व शेवटी ताटे दिलेल्या गावांत ३९ टक्के. डाळ वाटल्याने खर्च वाढेल असे वाटते. प्रत्यक्षात लसीकरण पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलामागचा खर्च जवळजवळ निम्मा झाला, कारण परिचारिकेचा दिवस तोच आणि मुले अधिक. तरीही निम्म्याहून अधिक मुले राहिलीच. हेही तितक्याच स्पष्टपणे मांडणे हे मूल्यमापकाचे कर्तव्य असते.

काय शिकावे लागते?

साथरोगशास्त्र, संख्याशास्त्र आणि आरोग्य अर्थशास्त्र हे या शिक्षणाचे मुख्य विषय आहेत. त्यांच्या जोडीला मुलाखतीचे कौशल्य लागते. आई शिबिराला का आली नाही, हे आकडा सांगत नाही. संशोधनातील नीतीही महत्त्वाची आहे. तुलनेच्या गटाला मिळणारी नेहमीची आरोग्यसेवा तुलनेसाठी काढून घेता येत नाही. मुंबईतील टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ येथे एमपीएचचे शिक्षण मिळते. हे क्षेत्र केवळ डॉक्टरांचे नाही. गणितात गती आणि माणसांत रस असलेल्या मुलामुलींनी त्याचा अवश्य विचार करावा.

आपणही यापुढे एखाद्या योजनेच्या यशाचे आकडे वाचाल, तेव्हा दोन प्रश्न विचारावेत. हे आकडे वाटपाचे आहेत की सुधारलेल्या आरोग्याचे? आणि सुधारणा झाली असेल, तर ती कोणाच्या तुलनेत?