भीमेच्या खोऱ्यातला जिल्हा आणि त्याच्या कडेचे शहर

जिल्ह्याचे मुख्य ठिकाण जिल्ह्याच्या मध्यभागी असावे, अशी सर्वसाधारण समजूत असते. सोलापूरच्या बाबतीत ती खरी ठरत नाही. सुमारे १४ हजार ९०० चौरस किलोमीटर विस्ताराच्या या जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला, तर सोलापूर शहर आग्नेयेकडच्या भागात दिसते. कर्नाटकची सीमा शहरापासून दक्षिणेस तीस-पस्तीस किलोमीटरवर येऊन भिडते, तर करमाळ्याच्या माणसाला जिल्हाधिकारी कार्यालय गाठण्यासाठी सव्वाशे किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागतो. माळशिरसचे अंतरही शंभर किलोमीटरच्या वर आहे. शहर एका कडेला आणि त्याचा मुलूख दूरवर पसरलेला, अशी ही रचना योगायोगाने झालेली नाही. भूगोल, इतिहास आणि उद्योग या तिन्हींनी ती घडवली आहे. आज शहर आणि जिल्हा यांच्यात पाण्यावरून जो ताण दिसतो, त्याचे मूळही याच घडणीत आहे.

पर्जन्यछायेतील पठार

सोलापूर जिल्हा संपूर्णपणे भीमेच्या खोऱ्यात येतो. सह्याद्रीत उगम पावलेली भीमा वायव्येकडून जिल्ह्यात शिरते, पंढरपूरला चंद्रकोरीचे वळण घेऊन चंद्रभागा म्हणून ओळखली जाते आणि पुढे आग्नेय दिशेने वाहत कर्नाटकात जाते. नीरा जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवर तिला मिळते, माण पंढरपूरच्या खालच्या अंगाला आणि उत्तरेकडून येणारी सीना दक्षिण सोलापूर तालुक्यातील हत्तरसंग-कुडल येथे. या संगमावरील मंदिरात शके ९४० म्हणजे इ.स. १०१८ चा लेख असून तो मराठीतील आद्य शिलालेखांपैकी एक मानला जातो.

नद्या अनेक असल्या तरी पाऊस मात्र थोडा. सह्याद्री मोसमी वाऱ्यांचे बहुतेक पाणी आपल्याकडेच ठेवून घेतो. त्यामुळे जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही प्रामुख्याने सप्टेंबरच्या परतीच्या सरींवर अवलंबून असतो. काळी माती हा ओलावा धरून ठेवते. म्हणूनच येथील शेतीचा कणा खरीप नसून रब्बीची ज्वारी हा आहे. महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचलेली मालदांडी ज्वारी याच भूमीतली. 'मालदांडी ३५-१' हा वाण मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडला गेला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

अवर्षण हा या भूमीचा कायमचा सोबती. दुष्काळात बहामनी सरकारची धान्याची कोठारे लोकांसाठी खुली करणाऱ्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा वारकरी परंपरेने जपली. राजधानी बिदरला, कोठार मंगळवेढ्यात आणि भूक गावोगाव; अशा वेळी अंमलदाराने कोणाचे ऐकायचे, हा त्या कथेतला प्रश्न आहे. सत्तेचे केंद्र आणि त्याभोवतीचा मुलूख यांच्यातील नाते या जिल्ह्याच्या लोकस्मृतीत असे फार पूर्वीपासून रुजलेले आहे.

राजधान्यांच्या मधला मुलूख

ज्या मंगळवेढ्यातली ही कथा, ते गाव एके काळी स्वतःच राजधानी होते. कल्याणीची सत्ता हाती घेण्यापूर्वी कलचुरी बिज्जलाच्या घराण्याचे ठाणे येथे होते. त्याच बाराव्या शतकात सोन्नलगी या गावी सिद्धरामेश्वरांनी तलाव खोदविला. सोन्नलगी म्हणजेच आजचे सोलापूर. या शहराचे ग्रामदैवत ठरलेल्या संताचे सर्वांत मोठे स्मारक एक तलाव असावे, हे पुरेसे बोलके आहे. मकरसंक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत आजही नंदीध्वजांची मिरवणूक या तलावाकाठच्या मंदिरापर्यंत येते.

तलावाशेजारचा भुईकोट किल्ला बहामनी काळातला. बहामनी राज्य फुटल्यानंतर विजापूरची आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही यांच्या सीमेवर सोलापूर आले. सोळाव्या शतकात हा किल्ला दोन्ही घराण्यांच्या सोयरिकीत हुंडा म्हणून बोलला गेला आणि त्यावरून लढायाही झाल्या. १६६८ च्या तहाने तो मोगलांकडे गेला. १६९५ ते १६९९ या काळात खुद्द औरंगजेबाची छावणी भीमाकाठी माचणूरजवळच्या ब्रह्मपुरीस होती. म्हणजे चार वर्षे हिंदुस्थानच्या बादशाहीचा कारभार आजच्या मंगळवेढा तालुक्यातून चालला. पुढे १८१८ च्या फेब्रुवारीत आष्टीच्या लढाईत बापू गोखले धारातीर्थी पडले आणि मे महिन्यात सोलापूरचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला.

या साऱ्या काळात सोलापूर हे ठाणे होते, राजधानी नव्हते. विजापूर, अहमदनगर, बिदर, पुणे या सत्ताकेंद्रांच्या मध्ये सापडलेला हा सीमेवरचा मुलूख होता. शहरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू सहज कानी पडतात, त्याची पार्श्वभूमी अशी जुनी आहे.

तुकड्यांतून जुळलेला जिल्हा

आजचा जिल्हा ही प्रशासनाची निर्मिती आहे. १८३८ मध्ये अहमदनगरच्या अखत्यारीत सोलापूरचा उपजिल्हा झाला, तेव्हा बार्शी, मोहोळ, माढा, करमाळा यांबरोबर इंडी, हिप्परगी, मुद्देबिहाळ हे आज कर्नाटकात असलेले भागही त्यात होते. १८६४ मध्ये हा उपजिल्हा मोडला. १८७१ च्या सुमारास त्याची नव्याने रचना झाली, तेव्हा सातारा जिल्ह्यातून पंढरपूर व सांगोला आणि १८७५ मध्ये माळशिरस असे पश्चिमेकडचे तालुके जोडले गेले. दक्षिणेकडचे तालुके सुटले आणि पश्चिमेकडचे आले. त्यामुळे पूर्वी बरेचसे मध्यावर असलेले शहर कडेला पडले.

संस्थानी मुलूख त्यानंतर आला. छत्रपती शाहू महाराजांचे मानसपुत्र फत्तेसिंह भोसले यांच्या घराण्याचे अक्कलकोट संस्थान आणि सांगली संस्थानातील मंगळवेढा स्वातंत्र्यानंतर जिल्ह्यात समाविष्ट झाले. १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्य आणि १९६० मध्ये महाराष्ट्र अशा वाटेने आजचा अकरा तालुक्यांचा जिल्हा साकारला. स्वतंत्र पंढरपूर जिल्ह्याची मागणी वेळोवेळी होते, तिच्यामागे अंतराची गैरसोय जितकी आहे, तितकाच या जोडणीचा इतिहासही आहे.

रेल्वे, गिरण्या आणि माग

सोलापूरला मोठे शहर बनवले ते लोहमार्गाने. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६० मध्ये येथे पोहोचली आणि पुढे १८७१ मध्ये रायचूरपर्यंत गेली. निजामाच्या मराठवाड्यातला आणि कर्नाटकातला कापूस सोलापूरच्या पेठेत येऊ लागला. १८७७ मध्ये पहिली कापड गिरणी सुरू झाली. शहर तिला 'जुनी मिल' म्हणूनच ओळखत राहिले. पाठोपाठ लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णू या गिरण्या उभ्या राहिल्या. दुष्काळाने उजाड झालेल्या खेड्यांतून माणसे आली, तशीच तेलंगणातून पद्मशाली विणकर कुटुंबे आली. गुन्हेगार जमाती कायद्याखाली कुंपणाआड डांबलेल्या कुटुंबांचे श्रमही गिरण्यांनी वापरले. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, मात्र 'सेटलमेंट' हे नाव त्या वस्तीला चिकटून राहिले.

जिल्ह्यातल्या इतर गावांनाही लोहमार्गाने जोडले. १८९७ मध्ये सुरू झालेली अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे कुर्डुवाडीहून बार्शीला, १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. बार्शी ही बालाघाटाच्या पायथ्याची धान्यपेठ आणि कुर्डुवाडी हे रेल्वेचे गाव म्हणून वाढले ते यामुळेच.

कामगारांच्या या शहराने मे १९३० मध्ये इंग्रजी सत्तेला असे आव्हान दिले की, सरकारला येथे लष्करी कायदा पुकारावा लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. चार हुतात्म्यांची ही नावेच शहराच्या मिश्र वस्तीची साक्ष देतात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. यंत्रमागाने चादर आणि टॉवेलच्या बळावर काही काळ तग धरला. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकनही मिळाले, परंतु गिरणीची कायम नोकरी परत आली नाही. हजारो घरांत चूल पेटती ठेवली ती स्त्रियांच्या विडीकामाने. कुंभारी येथे विडी कामगारांसाठी उभारलेली दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ मध्ये, तर रे नगर प्रकल्पातील पहिली पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये लाभार्थींच्या स्वाधीन झाली. दोन्ही वसाहती महापालिकेच्या हद्दीबाहेर, दक्षिण सोलापूर तालुक्यात आहेत. शहराचा श्रमिक आता आसपासच्या खेड्यांच्या शिवारात राहायला गेला आहे.

उजनीने बदललेला समतोल

शहराच्या गिरण्या थंडावत असतानाच जिल्ह्याच्या पश्चिम भागाचे भाग्य उजळले. माढा तालुक्यात भीमेवर उभारलेले उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याचा एकूण साठा सुमारे ११७ अब्ज घनफूट असून त्यापैकी उपयुक्त पाणी सुमारे साडेत्रेपन्न अब्ज घनफूट आहे. हे धरण भरते ते सोलापूरच्या पावसाने नव्हे, तर पुणे जिल्ह्यातील घाटमाथ्यावर कोसळणाऱ्या पावसाने. त्यासाठी करमाळा, इंदापूर परिसरातील गावांनी आपली घरे-शेते पाण्याखाली जाऊ दिली.

कालव्यांच्या पाण्यावर ज्वारीच्या शिवारात ऊस आला. आज जिल्ह्यात सहकारी व खासगी मिळून तीसहून अधिक साखर कारखाने आहेत. पाणी न पोहोचलेल्या सांगोल्याने डाळिंबाची वाट धरली. या पिकाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ मध्ये सोलापूरजवळ केगाव येथे स्थापन झाले. मंगळवेढ्याच्या दक्षिण भागातील गावे मात्र पाण्यासाठी वर्षानुवर्षे आंदोलने करत राहिली. एकाच नदीच्या खोऱ्यात बागायती आणि कोरडवाहू असे दोन जिल्हे तयार झाले.

शहराची तहान

धरण वायव्येला आणि शहर आग्नेयेला. १८७१ मध्ये बांधलेला हिप्परग्याचा एकरूख तलाव एके काळी शहरासाठी मोठा आधार होता. वाढत्या शहराला तो पुरेना, तेव्हा दोन मार्ग काढण्यात आले : उजनीतून सुमारे ११० किलोमीटर लांबीची जलवाहिनी आणि भीमेवर औज येथे बंधारा बांधून टाकळीहून उपसा. हा बंधारा भरण्यासाठी उजनीतून सोडलेले पाणी नदीपात्रातून दोनशे किलोमीटरहून अधिक वाहत यावे लागते. वाटेत बाष्पीभवन होते, वाळू पाणी पिते आणि काठावरचे पंपही चालतात. शहराच्या घागरीत जेवढे पडते, त्याच्या कितीतरी पट पाणी त्यासाठी धरणातून जाते. मग ग्रामीण भागात 'शहरासाठी आमचे आवर्तन गेले' अशी तक्रार होते आणि शहरात चार-पाच दिवसांआड नळाची वाट पाहिली जाते. दोघांचेही म्हणणे खरे असते. नदीऐवजी नळाने पाणी आणण्यासाठी समांतर जलवाहिनीचा प्रकल्प हाती घेण्यात आला, तो याच कारणाने.

प्रश्न केवळ नळाने सुटणारा नाही. १९९२ च्या हद्दवाढीने शहराचे क्षेत्र १७८ चौरस किलोमीटरवर गेले, पण हद्दवाढ भागात पाणी, गटारे, रस्ते पोहोचण्यास दशके लागली. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाख १७ हजारांवर आणि शहराची साडेनऊ लाखांवर होती. म्हणजे पाचांपैकी चार जण राजधानीबाहेर राहतात. २००४ मध्ये एकाच जिल्ह्यासाठी स्थापन झालेले सोलापूर विद्यापीठ, पुण्याकडे जाणारा चौपदरी महामार्ग, फताटेवाडीचा औष्णिक वीज प्रकल्प ही वाढीची साधने आली खरी. तरीही शिकलेला तरुण पुण्याची गाडी पकडतो, मग तो शहरातला असो वा अकलूजचा.

सप्टेंबर २०२५ मध्ये एरवी कोरड्या राहणाऱ्या सीनेने माढा, मोहोळ आणि उत्तर-दक्षिण सोलापूर तालुक्यांत महापुराचे रूप दाखविले. अवर्षणाच्या हिशेबाने आखलेल्या जिल्ह्याला आता अतिवृष्टीचाही हिशेब मांडावा लागणार आहे. सिद्धरामेश्वरांनी तलाव खोदविला तो पडेल तो पाऊस जागीच अडविण्यासाठी. दामाजीपंतांची कथा सांगते ती साठा कोणासाठी असतो हे. आठ शतकांनंतरही कडेचे शहर आणि दूरवर पसरलेला त्याचा मुलूख यांच्यापुढे हेच दोन प्रश्न आहेत. ते एकत्र बसून सोडवले, तर तुकड्यांतून जुळलेला हा जिल्हा खऱ्या अर्थाने एक होईल.